उधळणें, पांगणें, मोडणें

मराठी भाषा मनांतल्या भावना बोलून दाखविण्यास पुरी पडते, पण अर्थाच्या बारीक छटा दाखविण्यास ती अपुरी आहे, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गांत घर करून बसला आहे. हा समज बाळगणारे लोक पुराव्यादाखल जीं उदाहरणें पुढें करतात, त्यांत फुटण्या-विस्कटण्याच्या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांचें उदाहरण ठरलेलें असतें. इंग्रजींत ‘स्कॅटर’ निराळें, ‘डिस्पर्स’ निराळें, ‘डिसिपेट’ निराळें. ‘डिझॉल्व्ह’, ‘डिसबँड’, ‘डिसइंटिग्रेट’, ‘शॅटर’ हीं तर आणखीच निराळीं. आणि मराठींत या सर्वांस मिळून काय, तर एक ‘विखुरणें’! फार तर शाळेच्या पुस्तकांतलें ‘विघटन होणें’. म्हणून, ते म्हणतात, ज्याला नेमकें बोलावयाचें आहे त्यानें इंग्रजीचा आश्रय करावा हेंच बरें.

इतकें बोलून झाल्यावर ही मंडळी दोन वाटांनीं जातात. एक वाट इंग्रजी शब्द तसाच उचलण्याची: ‘मॉब डिस्पर्स झाला’, ‘फर्म डिझॉल्व्ह केली’. दुसरी वाट संस्कृत नाम आणून त्याला ‘करणें’ किंवा ‘होणें’ हें शेपूट जोडण्याची: ‘जमावाचें विघटन करण्यांत आलें’. पहिल्या वाटेचे लोक दुसऱ्यांस सनातनी म्हणतात, दुसरे पहिल्यांस भ्रष्ट म्हणतात. पण दोघांची चूक एकच आहे. अशा प्रसंगीं मराठीला स्वतःला काय म्हणावयाचें असतें, हें दोघांपैकीं कोणीच विचारलेलें नाहीं. तें विचारावें, आणि ती जें उत्तर देते तें वर्तमानपत्रांनीं, न्यायालयांतील भाषांतरकारांनीं आणि घरोघरच्या आईबापांनीं ऐकावें, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम इंग्रजीच्या पदरांत तिचें माप पुरतें घालूं. ‘स्कॅटर’मध्यें दिशा नाहीं आणि शिस्त नाहीं; मूठभर दाणे फेकले, ते जेथें पडले तेथें पडले. ‘डिस्पर्स’मध्यें एकत्र आलेलें आपापल्या वाटेनें दूर होतें, लॅटिनमधील शिंपडण्याच्या धातूपासून तें आलेलें आहे. ‘डिझॉल्व्ह’च्या मुळाशीं बंध सैल करण्याची कल्पना आहे, मीठ पाण्यानें, पार्लमेंट आज्ञेनें आणि विवाह न्यायाधीशाच्या हुकुमानें ‘डिझॉल्व्ह’ होतो. ‘डिसबँड’ला टोळी किंवा पलटण लागते. ‘डिसइंटिग्रेट’ला आधीं एक अखंड वस्तु लागते. ‘शॅटर’ला आघात लागतो. ‘डिसिपेट’मध्यें वायां जाण्याचा सूर आहे, मग तें धुकें असो, उष्णता असो कीं वडिलार्जित इस्टेट असो. हे भेद खरे आहेत, आणि ज्याला इंग्रजी लिहावयाचें आहे त्यानें ते पाळलेच पाहिजेत. आमचें भांडण त्या भेदांशीं नाहीं. इंग्रजीनें जेथें रेघ ओढली तेथेंच मराठीनेंही ओढली पाहिजे, न ओढल्यास ती दरिद्री, या गृहीताशीं तें आहे.

मराठीनें आपल्या रेघा कोठें ओढल्या आहेत हें पाहण्यास कोश उघडण्याचीही गरज नाहीं. कोल्हापूरच्या परिसरांत कान उघडे ठेवले तरी पुरे. चैत्री यात्रेंत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे भक्त गुलाल उधळतात. तो कोणी विखुरत नाहीं. यात्रा सरली कीं माणसें पांगतात. पन्हाळ्यावरचें धुकें ऊन चढूं लागलें कीं विरतें. गुऱ्हाळांतून आलेली गुळाची ढेप फोडतात, आणि तिचा खडा पाण्यांत विरघळतो. अंगणांत सडा शिंपतात, शेतांत बीं पेरतात किंवा फोकतात, पोत्यांतून धान्य सांडतें, वाऱ्यानें कागद विखुरतात, केंस विस्कटतात, शिवण उसवते, कापूस पिंजतात, भाकरी कुसकरतात, नांगरटींतलें ढेकूळ फुटतें, कांच तडकते, आरशाच्या ठिकऱ्या होतात, मूर्ति भंगते, गुरें वाट सोडून फाकतात. यांतला एकही शब्द पंडितांनीं घडविलेला नाहीं, आणि एकाच्या जागीं दुसरा घालण्याची सोयही नाहीं. ‘माणसें पांगलीं’ याऐवजीं ‘माणसें विरघळलीं’ म्हणून पाहावें. ऐकणारास वाटेल कीं त्यांचें मन द्रवलें.

या शब्दांच्या मागें एक व्यवस्था आहे. क्रियापद निवडण्यापूर्वीं मराठी बोलणारा नकळत तीन प्रश्नांचीं उत्तरें देत असतो. पहिला प्रश्न: हें आपोआप झालें कीं कोणीं केलें? दुसरा: तत्पूर्वीं ती वस्तु काय होती, ढीग होता, जमाव होता, गांठ होती कीं एकसंध घडण होती? तिसरा: जें गेलें तें पुन्हां गोळा होण्याजोगें आहे काय? पांगलेलीं माणसें उद्यां पुन्हां जमतात. विखुरलेले मोती वेंचतां येतात. उधळलेला गुलाल परत डबींत भरतां येत नाहीं, आणि म्हणूनच बापाचा पैसा उडविणाऱ्या मुलाला मराठी माणूस ‘उधळ्या’ म्हणतो. विरलेलें धुकें तर कोठें गेलें हें दाखवितांही येत नाहीं.

पहिल्या प्रश्नाच्या बाबतींत तर मराठी इंग्रजीहून काकणभर सरसच ठरते. फुटणें आणि फोडणें, तुटणें आणि तोडणें, फाटणें आणि फाडणें, सुटणें आणि सोडणें, पांगणें आणि पांगविणें, अशा जोड्या या भाषेंत सर्वत्र आहेत. इंग्रजींतील ‘ब्रेक’ आणि ‘डिस्पर्स’ हीं दोन्हीं कामें एकाच रूपानें करतात. मराठींत मात्र कर्त्याचा प्रश्न सहसा क्रियापदाच्या अंगांतच मुरलेला असतो. हा भेद केवळ व्याकरणाचा नाहीं; त्यावर माणसांचे हक्क अवलंबून असतात.

जमावाचेंच पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमांत, आणि त्यापूर्वीं १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९ व्या कलमांत, बेकायदा जमावाविषयीं दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधीं अधिकाऱ्यानें जमावास निघून जाण्याचा हुकूम द्यावा. न गेल्यास बळ वापरून त्यास घालवावें. इंग्रजी मजकुरांत दोन्हीं ठिकाणीं ‘डिस्पर्स’ हेंच क्रियापद आहे. मराठींत पहिल्या पायरीस ‘पांगा’ आणि दुसरीस ‘पांगविणें’ असे दोन शब्द तयार आहेत. शिवाय एक तिसराही आहे: ‘उधळून लावणें’. त्यांत बळाच्या जोडीला बेफिकिरी आहे. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत ‘जमाव पांगला’, ‘जमाव पांगविला’ कीं ‘जमाव उधळून लावला’ यांपैकीं काय छापून येतें, यावर त्या चौकांत काय घडलें याविषयींचें हजारों वाचकांचें मत ठरतें. बातमीदारानें तिन्हींच्या जागीं ‘जमाव विखुरला’ असें लिहिलें म्हणजे त्यानें तटस्थता राखली असें नव्हे. महत्त्वाचें सांगावयाचें तेवढें त्यानें गाळलें.

सभेचीही तीच कथा. इंग्रजी वृत्तांतांतील ‘मीटिंग ब्रोक अप’ हें वाक्य सभा शांतपणें संपली या अर्थानेंही चालतें आणि दंगा होऊन बंद पडली या अर्थानेंही चालतें. मराठींत सभा उठते, पांगते, मोडते, बंद पडते, आणि उधळली जाते. यांतलें शेवटचें क्रियापद वापरलें कीं उधळणारा कोण, हा प्रश्न आलाच. डिसेंबर १९०७ मधील सुरतेच्या काँग्रेसचा वाद नेमका येथेंच अडला होता. डॉ. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदावरून गोंधळ माजला, लोकमान्य टिळक बोलण्यासाठीं व्यासपीठावर गेले, जोडा फेकला गेला, मारामारी झाली आणि अधिवेशन पुढें चालूं शकलें नाहीं. नेमस्तांनीं जहालांवर आणि जहालांनीं नेमस्तांवर ठपका ठेवला. ‘अमक्यांनीं सभा उधळली’ असें म्हणणारा एका पक्षाचा साक्षीदार होतो. ‘सभा मोडली’ असें म्हणणारा घडलें तेवढें सांगतो. आणि ‘काँग्रेस फुटली’ असें म्हणणारा त्या दिवसाच्या गोंधळापलीकडचा परिणाम सांगतो. फुटलेली काँग्रेस १९१६ मध्यें लखनौस पुन्हां सांधली गेली. सुरतेची मोडलेली सभा मोडलेलीच राहिली. तीन क्रियापदें, तीन विधानें. तिन्हींचें मिळून एकच ‘विखुरणें’ केलें तर नऊ वर्षें चाललेला वाद कशाबद्दल होता, हेंच वाचकास कळणार नाहीं.

आजच्या राजकारणांत ही धार बोथट झालेली नाहीं. जून २०२२ मध्यें शिवसेनेंत आणि जुलै २०२३ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेसमध्यें जें घडलें, त्याला कोणी ‘पक्ष फुटला’ म्हणतो, कोणी ‘पक्ष फोडला’ म्हणतो, तर कोणी ‘पक्ष म्हणजे आम्हीच, मग फुटलें कोण?’ असें विचारतो. इंग्रजी ‘स्प्लिट’मध्यें हा झगडा दिसत नाहीं, मराठींत तो एका अक्षरांत दिसतो. आणि येथेंही केवळ शब्दांचा खेळ नाहीं. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनें आलेल्या दहाव्या अनुसूचींत विधिमंडळ पक्षाच्या एक तृतीयांश सभासदांच्या फुटीस मुभा होती; २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीनें ती काढून टाकली आणि दोन तृतीयांशांच्या संमतीनें होणाऱ्या विलीनीकरणाची तरतूद तेवढी ठेवली. म्हणजे ‘फूट’ आणि ‘विलीनीकरण’ या दोन शब्दांतल्या अंतरावर आज लोकप्रतिनिधींचें पद राहणें किंवा जाणें अवलंबून असतें.

विधिमंडळाची परिभाषा याहूनही नाजूक आहे. बैठक तहकूब होते, अधिवेशन संस्थगित होतें, आणि विधानसभा विसर्जित होते. तहकूब झालेली बैठक ठरल्या वेळीं पुन्हां भरते. संस्थगित झाल्यावर राज्यपालांनीं पुन्हां बोलवावें लागतें. विसर्जित झालेली विधानसभा मात्र पुन्हां भरत नाहीं, तिच्या जागीं नवी निवडावी लागते. राज्यसभेचें आणि विधान परिषदेचें विसर्जन होतच नाहीं. त्यांचे एक तृतीयांश सभासद दर दोन वर्षांनीं निवृत्त होतात. इतकी स्वच्छ व्यवस्था हातीं असतां आमचीं वर्तमानपत्रें सभा, सरकार आणि विधानसभा या तिन्हींच्या कपाळीं ‘बरखास्त’ हा एकच शिक्का मारतात. बरखास्त या फारशी शब्दाचा मूळ अर्थ ‘उठला’ एवढाच. सभा बरखास्त झाली म्हणजे सभा उठली. पंगत उठते, कचेरी उठते, तशीच. तो शब्द सभेला शोभतो, आणि बडतर्फ केलेल्या मंत्रिमंडळासही आतां रूढीनें शोभतो. पण विधानसभेस तो लावला कीं घोटाळा सुरू होतो.

१७ फेब्रुवारी १९८० रोजीं महाराष्ट्रांत शरद पवार यांचें मंत्रिमंडळ बरखास्त झालें आणि विधानसभा विसर्जित झाली. म्हणून त्याच वर्षीं नवी निवडणूक घ्यावी लागली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं राज्यांत पुन्हां राष्ट्रपति राजवट आली, पण त्या वेळीं विधानसभा निलंबित ठेवली होती, विसर्जित केली नव्हती. म्हणून २३ नोव्हेंबरला राजवट उठतांच नव्या निवडणुकीवांचून मंत्रिमंडळाचा शपथविधि होऊं शकला. ज्या वाचकास दोन्हीं वेळीं ‘बरखास्त’ एवढेंच वाचावयास मिळेल, त्यास या दोन प्रसंगांतला फरक कोणत्या वाटेनें कळावा?

‘विसर्जन’ या शब्दावर एक आक्षेप ऐकूं येतो. गणपतीचें विसर्जन करतांना ‘पुढच्या वर्षीं लवकर या’ असें आपण म्हणतों. मग जी विधानसभा परत येत नाहीं तिला हा शब्द कसा लावावा? आक्षेप घेणारांनीं पंचगंगेच्या घाटावर थोडें थांबावें. जी मूर्ति पाण्यांत गेली ती परत येत नाहीं. पुढच्या वर्षीं पाट तोच असतो, मखर तेंच असतें, मूर्ति मात्र नवी येते. विधानसभेच्या बाबतींत याहून चपखल शब्द कोणता मिळणार? हिंदी संविधानांत याच जागीं ‘विघटन’ हा शब्द आहे. हिंदींत तो रुळला असेल. मराठी कानाला विघटन म्हटलें कीं पालापाचोळा कुजण्याची आठवण होते. लोकांनीं निवडलेल्या सभेस आम्ही कुजवीत नाहीं. तिला रीतसर निरोप देतों.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतही हाच सैलपणा शिरूं पाहतो. साताऱ्याचें राज्य १८४८ मध्यें डलहौसीनें खालसा केलें. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य दोन्हीं ठिकाणीं संपलें. पण एक बळानें हिरावलें गेलें आणि दुसरें करारानें मोठ्या राज्यांत मिळालें. ‘खालसा’ शब्द अरबींतून आलेला आणि ‘विलीन’ संस्कृतांतून आलेला. पण आज दोन्हीं मराठीचे इमानी चाकर आहेत आणि आपापलें काम चोख करतात. ‘दोन्हीं संस्थानें संपुष्टांत आलीं’ असें एका दमांत लिहिणारा लेखक डलहौसीचा वकील नकळत होतो.

फौजेचे शब्द पाहा. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठी फौजेची दाणादाण उडाली, वांचलेले लोक वाट फुटेल तिकडे पांगले, कित्येक घराण्यांची वाताहत झाली. दाणादाणींत त्या एका दिवसाचा हाहाकार आहे, पांगण्यांत पुढच्या कांहीं आठवड्यांची पायपीट आहे, वाताहतींत पिढीचें दुःख आहे. आतां कोल्हापूरकडे या. ३१ जुलै १८५७ च्या रात्रीं येथील सत्ताविसाव्या पलटणींत बंड उठलें; कांहीं शिपाई निसटून गेले, आणि पुढच्या महिन्यांत ले ग्रँड जेकब यानें उरलेल्या पलटणीचीं हत्यारें काढून घेतलीं. शिपाई पांगणें वेगळें, पलटणीचीं हत्यारें काढणें वेगळें, आणि सरकारी हुकुमानें पलटण मोडणें वेगळें. इंग्रजी ‘डिसबँड’ला मराठी शब्द नाहीं म्हणून हळहळणारांनीं ‘पलटण मोडली’ हे दोन शब्द एकदां तोंडानें उच्चारून पाहावेत. बाजार मोडतो, लग्न मोडतें, तसाच हाही मोड: बांधणी गेली, माणसें राहिलीं.

या चर्चेस कोल्हापुरांत आतां एक ताजें निमित्तही मिळालें आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचें काम येथें सुरू झालें असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे खटले तेथें चालतात. खालच्या न्यायालयांतील मराठी जबान्या उच्च न्यायालयासाठीं इंग्रजींत जावयाच्या आणि निकालांचा मतलब मराठींत पक्षकारांच्या घरीं यावयाचा. या जाण्यायेण्यांत क्रियापदें हरवलीं तर माणसाचा जमीनजुमला हरवतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें सर्व भागीदारांमधील भागीदारी संपली तरच पेढी ‘डिझॉल्व्ह’ झाली असें म्हणतात. एकटा भागीदार निवृत्त झाल्यानें तेवढ्यावरून पेढी संपतेच असें नाहीं. बाजारपेठेंतला साधा मराठी व्यापारी हा भेद कायदा न वाचतां पाळतो. एक जण बाहेर पडला तर तो म्हणतो, ‘भागीदार फुटून निघाला’. सगळेंच आटोपलें तर म्हणतो, ‘पेढी मोडली’. भाषांतरकारानें दोन्हींला ‘डिझॉल्व्ह’ केलें, तर साक्षीदार खरें बोलूनही खोटा पडेल.

विवाहाच्या बाबतींत मराठीचें वैभव तर पाहण्याजोगें आहे. इंग्रजी कायद्यांत विवाह ‘डिझॉल्व्ह’ होतो, म्हणजे त्याचे बंध सुटतात. आमच्याकडे ‘सोडचिठ्ठी’ आहे, तींतही सोडणेंच आहे. ‘काडीमोड’ आहे, तींत काडी मोडल्याचा आवाज आहे; मोडलेली काडी सांधत नाहीं. ‘घटस्फोट’ आहे, त्यांत घट फुटतो. ‘फारकत’ आहे, तींत दोघें वेगळीं होतात, मोडतोड कांहीं नाहीं. शाहू छत्रपतींनीं १९१९ मध्यें कोल्हापूर संस्थानांत घटस्फोटास कायद्याचें रूप दिलें, तेव्हां एक अगदीं अपरिचित कल्पना लोकांवर लादली असें म्हणतां येणार नाहीं. अनेक समाजांत काडीमोड आधींपासून रूढ होती, आणि तिच्यासाठीं शब्दही लोकांच्या तोंडीं होते. जेथें शब्द असतो तेथें बहुधा व्यवहार आधीं होऊन गेलेला असतो.

आतां प्रतिपक्षाचा एक मुद्दा मान्य करणें न्यायाचें होईल. शास्त्राला ठाम, एकार्थी परिभाषा लागते. तेथें बोलीचीं क्रियापदें पुरत नाहींत. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं जो परिणाम जाहीर केला तो प्रकाशाच्या ‘स्कॅटरिंग’चा होता; त्यास मराठी पुस्तकांत कोठें विकिरण तर कोठें प्रकीर्णन म्हणतात. लोलकांतून जातांना प्रकाश सात रंगांत फाकतो, त्यास अपस्करण म्हणतात. अत्तराचा वास खोलीभर पसरतो, त्यास विसरण म्हणतात. हे शब्द हवेत, आणि ते संस्कृतावरून घडविले यांत कांहींच गैर नाहीं. पण ते घडवितांनाही सावधपण लागतें. ‘विकिरण’ हाच शब्द हिंदींत ‘रेडिएशन’ला लावतात, ज्याला मराठींत आपण ‘प्रारण’ म्हणतों. संस्कृत शब्द घेतला म्हणजे सगळ्या भाषांत एकवाक्यता आपोआप होते, ही समजूत येथें उताणी पडते. शिवाय परिभाषा प्रयोगशाळेची. तिनें रस्त्यावर येऊन ‘गर्दीचें विसरण झालें’ असें बोलूं लागावें, हें कोणा शास्त्रज्ञानेंही मागितलेलें नाहीं.

आमचें म्हणणें भाषाशुद्धीच्या जुन्या वादांत नेऊन बसविण्याचा मोह कोणास होईल, म्हणून तेंही स्पष्ट करतों. शिवकालांतील राज्यव्यवहारकोशापासून हा वाद चालत आला आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत फारशी शिकविणारे माधव जूलियन यांनीं १९२५ मध्यें फारशी-मराठी कोश दिला आणि १९३८ मध्यें ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ज्याला फारशीचें अंतरंग ठाऊक, त्यानेंच मराठीच्या शुद्धीचा विचार मांडावा, यांत या प्रश्नाची गुंतागुंत दिसून येते. पण शुद्धीचा वाद शब्दाच्या कुळाचा आहे. आमचा प्रश्न त्याच्या कामाचा आहे. तहकूब, बरखास्त, खालसा, फारकत हे शब्द बाहेरून आले, येथें राबले आणि मराठी झाले. त्यांस घालविण्याचें कांहीं कारण नाहीं. उलट शंभर टक्के संस्कृत असूनही ‘विघटन’ हा शब्द दहा जागीं दहा कामें करूं लागला कीं तो एकही काम नीट करीत नाहीं. ‘स्कॅटर करणें’ आणि ‘विघटन करणें’ हीं दोन्हीं एकाच आळसाचीं अपत्यें आहेत: दोन्हींत क्रियापदाचें सारें काम ‘करणें’ या एका हमालावर टाकलेलें आहे.

शेवटचा आक्षेप घरांतलाच आहे. फाकणें, फोकणें, उसवणें, कुसकरणें हे शब्द खेड्यांतले, शेतकऱ्यांचे, आजीचे. शहरांतल्या मुलांस त्यांचा काय उपयोग, असें सुशिक्षित आईबाप विचारतात. ज्या घरांत मुलाच्या हातून वाटी पडते, कागद उडतात, खेळणें मोडतें, लोकर सुटते, दूध सांडतें आणि भावंडांचा डाव विस्कटतो, त्या घरांत या शब्दांचा उपयोग दिवसांतून दहा वेळां येतो. मग मुलास आपण सगळ्याच प्रसंगीं ‘ब्रेक झालें’ एवढेंच म्हणावयास शिकवावें काय? असें शिकलेलें मूल पुढें इंग्रजींत तरी ‘स्कॅटर’ आणि ‘डिस्पर्स’ यांतला भेद कोठून शिकणार? सांडणें आणि उधळणें यांत अपघात आणि हेतु यांचा फरक आहे, फुटणें आणि फोडणें यांत जबाबदारीचा फरक आहे. हा फरक ज्यानें पहिल्या भाषेंत कमावला नाहीं, त्याला दुसरी भाषा तो उसना देऊं शकत नाहीं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला, तेव्हां आपण सर्वांनीं आनंद केला, आणि तो योग्यच होता. पण तो मान पूर्वजांनीं मिळवून ठेवलेल्या पुंजीचा आहे. ती पुंजी वापरावयाची कीं कुलूप लावून ठेवावयाची, हें आपल्या हातीं आहे, आणि त्यासाठीं सरकारी ठरावाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. बातमीदारानें लिहिण्यापूर्वीं ‘पांगला कीं पांगविला?’ असें स्वतःस विचारावें. भाषांतरकारानें ‘डिझॉल्व्ह’ दिसतांच कोश बंद करून आधीं काय सुटलें, काय मोडलें आणि काय विरघळलें तें पाहावें. शिक्षकानें निबंधांतील प्रत्येक ‘विघटन करण्यांत आलें’ खालीं लाल रेघ ओढून मुलास क्रियापद मागावें. आणि आईबापांनीं संध्याकाळीं घरांत पसारा दिसला म्हणजे ‘हें सगळें काय स्कॅटर केलेंस?’ असें न म्हणतां, मुलानें तें सांडलें, विखुरलें, विस्कटलें कीं उधळलें, हें आधीं नीट पाहून मग रागवावें.